बारा गाड्यांच्या मागं

कांद्याच्या ढिगाशी बसून दगडाबाई विळ्यानं कांद्यांच्या माना खटाखट उडवत होती, आणि तिचा पोटचा लेक समोरच्या वाटेवर गाडीला जुंपला होता.

खरोखरच जुंपला होता. टायरगाडीच्या जुवाला जाड नाडा बांधलेला, तो नाडा छातीवरून आणि कमरेवरून वेढून घेतलेला, अंगात फौजेतला हिरवा बनियन, पाय अनवाणी, आणि मागं गाडीत कांद्याच्या गोण्या गच्च भरलेल्या. चैताच्या उन्हानं वाटेवरचा फुफाटा नुसता भाजत होता. आणि हा बहाद्दर मान खाली घालून, दात आवळून, एकेक पाय रोवत गाडी वस्तीपासून बांधापर्यंत आणत होता. बांधाशी फिरवली, की पुन्हा वस्तीकडं. येणारीजाणारी माणसं मोटरसायकली थांबवून बघत उभी राहत होती.

"दोन बैलं इकली तवा म्हनलं, वैरनीचा ताप मिटला," दगडाबाई म्हणाली. "आता ह्यो आलाय फौजेतनं. दोन बैलांचं एकटा खातोय."

शेजारची लंकाबाई रोजानं काटणीला आली होती. हसताना तिचा विळा बोटावरच यायचा, थोडक्यात चुकला. "आत्याबाई, खाऊ द्या की! यंदा मेजर बारा गाड्या वढनार. गाव बघत बसनार नुसतं."

गाव भागवतला मेजर म्हणायचं. तो हवालदार होऊन पेन्शनीवर आला होता, पण नगरकडच्या, खर्डा गावाच्या त्या कोरड्या पट्ट्यात फौजेतून आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. दगडाबाईनं ही चूक कधी दुरुस्त केली नव्हती. उलट बँकेतल्या साहेबानं "हवालदार भागवत आसाराम" असं पुकारलं, तेव्हा ती भर बँकेत म्हणाली होती, "मेजर म्हना. आमच्यात तसंच म्हनत्यात."

खर्ड्याच्या पलीकडं, बालाघाटाच्या उतरणीला बाभूळदरा हे गाव. उसाला कोयता घेऊन जाणारी निम्मी माणसं सहा महिने गावात नसतात, पण चैताच्या वद्य अष्टमीला, भैरवनाथाच्या जत्रेला, असतील तिथून येतात. त्या दिवशी त्यांच्याच उसाच्या गाड्या, बारा, साखळीनं एकीमागं एक जोडायच्या. गाड्यांत माणसं चढवायची. आणि मानाच्या घरच्या एका गड्यानं अंगाला हळद फासून, कमरेला नाडा बांधून ती माळ वेशीपासून नाथाच्या पायरीपर्यंत ओढायची. पुजाऱ्यानं तीनदा चांगभलं पुकारायचं. तिसऱ्या चांगभल्याला माळ हलली पाहिजे. न हलली, तर नाथ त्या घरावर रुसला, मान भावकीतल्या दुसऱ्या घराला गेला. ओढणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, हाही नाथाचा नेम.

तो मान दगडाबाईच्या घरचा. तिच्या मालकानं, आसारामनं, मिशा पांढऱ्या होईपर्यंत गाड्या ओढल्या. आसाराम वारला तेव्हा भागवत बर्फात होता. मातीलाही पोचला नाही, पोचला तो दहाव्याला. त्या सालापासून भागवतच्या चुलत भावानं, गहिनीनाथनं, गाड्या ओढल्या. "भागवत येईस्तवर," असं सगळ्यांसमोर बोलणं झालं होतं. पण मान एकदा उंबऱ्यात आला की उंबरा सोडवत नाही. गहिनीनाथची आई गोजरबाई, म्हणजे दगडाबाईची जाऊ. तिनं दारात मोठी पाटी रंगवून घेतली होती: 'मानाचे गाडेवाले'. ती पाटी बघितल्यापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. नळावर एकीनं हंडा लावला की दुसरी आपला हंडा उचलून घरी जायची.

भागवतनं मात्र नाथाला शब्द दिला होता. वर, चौकीवर असताना बर्फाचा कडा सुटला आणि त्याच्यासोबतचा अंगद, केडगावचा पोरगा, त्याखाली गेला. ते दिवसभर फावड्यांनी, हातांनी, ताटल्यांनी उकरत राहिले. तेव्हा भागवत म्हणाला होता, "नाथा, ह्याला जिता काढ, घरी गेल्यावर तुझ्या बारा गाड्या वढीन." अंगद जिता निघाला. दोन बोटं गेली, बाकी धडधाकट. तो आता केडगावात राहतो, पण भागवतनं हाक मारली की सगळी कामं टाकून येतो.

बांधावर नाडा सोडून भागवत सावलीला आला. छातीवर नाड्याचे लाल वळ उठलेले. त्यानं आधी आईपुढं पाण्याचा तांब्या धरला, मग लंकाबाईपुढं, मग स्वतः प्याला. सुनेनं, रेश्मानं, भाकरीचं गाठोडं सोडलं. त्यातली पहिली भाकरी त्यानं आईपुढं ठेवली. पेन्शनीवर आल्यापासून त्याचा हा रोजचा नेम. सकाळी नाथाला पाणी, मग आईला चहा, मग बाकीचं जग.

"वळ बघा," रेश्मा त्याच्याकडं न बघता सासूला म्हणाली. "आन गुडघा. रात्री गुडघा कराकरा वाजतोय. ह्यांच्या बरोबरची सगळी भिंगारला घरं घिऊन बसली. दारात नळ, पोरांना कॉलेज. आमचा मानूस इथं गाडीला जुंपून घेतोय."

"भिंगारात नाथ न्हाई," भागवत हसून म्हणाला.

"नाथाला गुडघं न्हाईत. त्याला काय कळतंय!"

दगडाबाईला सुनेचं हे बोलणं आवडलं, पण तसं दाखवायची तिला सवय नव्हती. "जेवा गुमान," ती म्हणाली. मग पोराच्या पाठीकडं बघत राहिली. बापासारखीच पाठ. वर रुंद, खाली निमुळती. चांगली होती पाठ. गाव बघेल, गोजरी बघेल, पाटीवाले बघतील.

---

भागवत देवळात बसला त्या संध्याकाळची गोष्ट. ओढणाऱ्यानं पाच दिवस देवळातच राहायचं, एकवेळ जेवायचं, भुईवर निजायचं. पहिल्या दिवशी हळद लागते. अख्खी भावकी जमली होती. पुजारी कल्याणबुवांनी परातीत हळद कालवली. बायका मागं, खांबाला टेकून. दगडाबाई एका खांबाला, गोजरबाई दुसऱ्या.

गहिनीनाथ पांढरेशुभ्र कपडे घालून आला होता. त्यानं भागवतला मिठी मारली, पण हळद कपड्याला लागू नये म्हणून जरा लांबूनच.

"दादा, आमी सांबाळला मान. आता तुमचं तुमी बघा. काय अवघड न्हाई. हे बघा, मागल्या सालचं."

त्यानं मोबाईल पुढं धरला. छान चित्रण होतं. हलगी, गुलाल, गहिनीनाथ पुढं, पिवळाजर्द, हात वर केलेले. भागवत बघत राहिला. मग मोबाईल हातात घेऊन त्यानं ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

"हे मागं कोन हायेत?"

"लोकं. भक्तमंडळी."

"गाडीला हात का लावलेत?"

हलगीवाला हलगी तापवत होता. तोही थांबला.

"उत्साह असतो लोकांचा, भागवता," कल्याणबुवा हळू आवाजात म्हणाले.

"उत्साह न्हाई बुवा. ढकलतेत. पन्नास गडी ढकलतेत आन ह्यो पुढं हात हालवत चाललाय." भागवतनं मोबाईल परत दिला. आवाज चढलेला नव्हता. फौजेत त्याचा आवाज असाच झाला होता, रागात उलट खाली जाणारा. "देवाला फसवायचं आसतं व्हय? माझ्या आबांनी एकट्यानं वढल्या. मी शब्द दिलाय, मी वढीन म्हनून. गाव वढंल म्हनून न्हाई दिला. ह्या साली गाडीला मागनं एक बोट लागता कामा न्हाई."

गहिनीनाथचा चेहरा हळद न लावताच पिवळा पडला. एवढ्या लोकांत, एवढ्या बायांत, आईसमोर. तो म्हणाला, "चालतंय की. मंग बुवा, तुमीच साक्षी. मागनं कुनाचा हात लागला तर गाड्या बाद. आन तिसऱ्या चांगभल्याला माळ हालली न्हाई, तर मान कायमचा आमच्या घरी. कबूल हाय का दादा?"

"कबूल."

"शब्द?"

"फौजेतल्या मानसाला दोनदा ईचारायचं नसतं."

गावानं टाळ्या वाजवल्या. काहींनी शिट्ट्याही मारल्या. हे भलतंच रंगलं होतं! दगडाबाईचे हात मात्र टाळीसाठी वर आलेच नाहीत. तिनं दुसऱ्या खांबाकडं बघितलं. गोजरबाईही तिच्याकडंच बघत होती. बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदा दोघींची नजर मिळाली, आणि दोघींना एकच गोष्ट एकदम दिसली.

कारण जत्रेत बायांची जागा गाड्यांच्या मागं. आरतीची ताटं घेऊन बाया मागून चालतात. पुढच्याला जे कधी दिसत नाही, ते बायांना साल दर साल दिसतं. दगडाबाई नवी नवरी होऊन आली त्या पहिल्या जत्रेत तिनं बघितलं होतं. पुढं तिचा मालक नाथाचं नाव घेत छाती फोडत होता, आणि मागं शंभर हात गाड्यांना लागले होते. गप्, न बोलता, रोजचं काम असल्यासारखे. सासूनं तिच्या दंडाला चिमटा काढला होता. तेवढ्यावरनं तिला सगळं समजलं होतं. आसाराम आयुष्यभर मागं वळला नाही. रात्री पाय चेपून घेताना म्हणायचा, "दगडे, नाथ अंगात आला की गाड्या फुलागत हलक्या व्हत्यात गं." ती म्हणायची, "व्हत असतील." आणि पाय चेपायची.

---

"सांगा त्यास्नी," दुसऱ्या दिवशी कांद्याच्या ढिगाशी लंकाबाई म्हणाली. "बारा गाड्या म्हंजी काय कांद्याच्या गोन्या हायेत व्हय? मानसं भरल्यावर रेडं लावलं तरी हालायची न्हाईत."

"तुला कोन म्हनलं न्हाई सांगत म्हनून?"

"मंग?"

"काट कांदं."

दुपारी घरी रेश्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, मला मान नको. मला नवरा धडका पायजे."

"मला दोनी पायजेत," दगडाबाई म्हणाली आणि भाकरीची चवड उचलून देवळाकडं निघाली.

देवळात भागवत ओसरीवर पोथी वाचत बसला होता. हळदीनं अंग सुकून तडकलेलं, दाढीचे खुंट उगवलेले. आई दिसताच त्यानं उठून पाय धरले. तिनं भाकरी पुढं ठेवली, ठेचा सोडला, आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. कांद्याला भाव नाही, टँकर तीन दिवस आला नाही, गोजरीच्या म्हशीला रेडकू झालं. मग म्हणाली, "भागवता, तुझ्या आबांच्या टायमाला बी..."

"हां आई?" त्याचे डोळे एकदम उजळले. लहानपणी आबांची गोष्ट मागायचा तसे.

"...लोकं लई जमायची. उत्साह दांडगा. लोकं जवळ यायची गाड्यांच्या."

"जवळ येऊ द्या की. पन आबांच्या गाडीला कुनी हात लावला आसता, तर आबांनी नाडा तिथंच सोडून दिला आसता. व्हय का न्हाई?"

दगडाबाई पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. व्हय, सोडला असता. आसाराम तसाच होता. नाडा सोडला असता आणि पुन्हा जत्रेला तोंड दाखवलं नसतं. मेलेल्या माणसाचं हे आता कोण उघडं करणार, आणि तेही त्याच्या पोरापुढं?

"व्हय," ती म्हणाली. "जेव. ठेचा कमी खा, गळा बसंल. चांगभलं म्हनाय गळा लागतो."

देवळातून घरी येताना वाटेत तिनं सगळ्या गावाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण एकेकाचं नाव घेऊन.

---

जत्रेच्या दिवशी सकाळपासूनच गाव नुसतं उकळत होतं. कारखान्यांवरून टोळ्या आल्या होत्या. नव्या साड्या, नव्या टोप्या, पाळणे, भेळीच्या गाड्या, उसाचा रस. बारा टायरगाड्या वेशीत एकीमागं एक उभ्या राहिल्या, त्यांच्या मालकांनी आसांना वंगण माखलं, साखळ्या खडखडवून बघितल्या. पोरंबाळं तर दुपारीच गाड्यांत चढून बसली होती.

आणि अंगद आला. एकटा नाही. त्याच्याबरोबर नगरकडचे चार पेन्शनर जवान, कडक इस्त्रीचे, तोंडात शिट्ट्या. त्यांनी वेशीपासून देवळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून दोर बांधला, आणि गाव दोराच्या पलीकडं सारलं. कुणाचं पाऊल आत पडलं की शिट्टी. म्हातारा असो, पाटील असो, शिट्टी.

"आत्या, काळजीच करू नका," अंगदनं दगडाबाईचे पाय धरले. "गाडीला आज माशीबी बसू देनार न्हाई. दादांचा शब्द म्हंजी शब्द."

दगडाबाईला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण पोरगा बर्फातून निघालेला, आणि बोटं दोन कमी. ती म्हणाली, "व्हय रं माझ्या राजा. लई शाना हायेस."

ऊन कलतं झालं तशी हलगी सुरू झाली. भागवत आला. अंगभर हळद, कमरेला पांढरा शेला, कपाळावर गुलाल, डोळे आधीच नाथाकडं लागलेले. दगडाबाईच्या अंगावर काटा आला. पाठ आसारामची, पण डोळे त्याचे स्वतःचे होते. बुवांनी नाडा छातीवर आडवा घेतला, कमरेला वेढा दिला, नाथाचं नाव घेऊन गाठ मारली. बाराच्या बारा गाड्या माणसांनी फुलून गेल्या होत्या. सहाव्या गाडीत गहिनीनाथचे पाहुणे बसले होते, एकेक गडी पिंपासारखा. ते मुद्दाम बसवलेत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

बाया ताटं घेऊन मागं उभ्या राहिल्या. बायांना कुणी दोर बांधला नव्हता. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भैरवनाथाच्या नावानंऽऽ चांगभलं!"

गावानं आभाळ फाडलं. गुलाल उडाला. भागवत पुढं झुकला. नाडा ताठ झाला, साखळ्या एकेक करत खणाखणा ताणल्या, बाराव्या गाडीपर्यंत तो आवाज आला, आणि थांबला. गाड्या तिथंच.

"दम घ्या दादा!" अंगद ओरडला.

"भैरवनाथाच्या नावानंऽऽ चांगभलं!"

आता भागवतचं सगळं अंग भुईला समांतर झालं होतं. पायाची बोटं मुरमात रुतली. मानेच्या शिरा दोरीसारख्या. हलगीवाला बेभान झाला होता. पहिलं चाक तसूभर पुढं गेलं, गाव ओरडलं, आणि ते चाक परत मागं आलं. भागवत एका गुडघ्यावर आला. कुठूनतरी रेश्माची हाक ऐकू आली.

एवढी माणसं, पण पाळण्याचा कुरकुर आवाज ऐकू यायला लागला. गहिनीनाथ दोराच्या पलीकडं उभा होता. तो हसत नव्हता, पण त्याला ते जड जात होतं हे दिसत होतं.

भागवत उठला. नाडा पुन्हा बसवला. त्याची पाठ थरथरत होती आणि ती पाठ मागं वळणार नव्हती, मेली तरी.

दगडाबाईनं आरतीचं ताट लंकाबाईच्या हातात दिलं आणि चार पावलं चालून गोजरबाईसमोर उभी राहिली. भर वेशीत, सगळ्या बायांसमोर. बोलणं तिनंच आधी काढायचं, हा तिच्या जन्मातला सगळ्यात कडू घोट होता. तिनं तो गिळला.

"गोजरे."

गोजरबाईनं दुसरीकडं मान फिरवली.

"गोजरे, माझ्याकडं बग. आज हे हाललं न्हाई, तर मान तुझ्या घरी. चांगलंय. पन पुढल्या साली तुझ्या गहिनीनाथाला गाव काय म्हनंल? भागवत एकटा उभा राह्यला, तू बी एकटा वढ. दोर बांधतील. शिट्ट्या फुकतील. मंग तुझा पोरगा हितंच, असाच गुडघ्यावर यील. आन ढुंगणावर बसंल, कारन त्याच्या अंगात भागवताच्या निम्मं बी न्हाई."

"तोंड सांबाळ," गोजरबाई म्हणाली.

"तोंड ऱ्हाऊ दे. हात दे."

गोजरबाईनं पुढं बघितलं. आपला पोरगा दोराशी उभा, पाहुण्यांना डोळ्यानं काहीतरी खुणावणारा. मग गुडघा मुरमात सोललेला तो दुसरा पोरगा, ज्याला तिनंही कधीतरी कडेवर घेतलं होतं. तिचं तोंड वाकडं झालं.

"तू लई वाईट बाई हायेस," ती म्हणाली, आणि पदर कमरेला खोचला.

"भैरवनाथाच्या नावानंऽऽ"

दोघींनी बाराव्या गाडीच्या फळीला हात लावले. लंकाबाईनं दोन्ही ताटं भुईवर ठेवली आणि ती धावली. मग एकेक बाई. पातळं खोचत, जोडवी खणकवत, कोयता धरून धरून टणक झालेल्या हातांच्या बाया. कुणी फळीला, कुणी टायरला, कुणी आसाला. गाडीत बसलेल्या आपल्याच नवऱ्याला एकजण म्हणाली, "उतर खाली मेल्या, उतर, जड लागतोयस!"

"चांगभलंऽऽ!"

अंगद शिट्टी तोंडात घेऊन धावत आला आणि थबकला. पुढं साठ बाया. कुणाला हात लावणार? त्यानं शिट्टी फुंकली. एका बाईनं मागं न बघताच त्याला "आरं गप की मुडद्या!" म्हटलं.

गाडी हलली. आधी बारावी, मग तिच्या धक्क्यानं अकरावी, साखळ्या सैल पडत पडत पुढं गेल्या, आणि पहिल्या गाडीचं चाक फिरलं. फिरलं ते फिरलंच. गावाच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला चांगभलं म्हणायचं की किंकाळी, हे नाथालाच माहीत. पेढे उधळले, टोप्या उडाल्या, पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. दोर कुणी तोडला कळलं नाही, पण तुटला, आणि गाव रस्त्यात आलं. हलगी नुसती गडगडत होती. दगडाबाईचा पाय फुफाट्यात घसरत होता, चपला मागं राहिल्या, केस सुटले. पण तिला वाटलं, आपण पंचवीस वर्षांच्या आहोत आणि गाडीऐवजी डोंगर ढकललाय. शेजारी गोजरबाई दात आवळून "आय्योऽ नाथाऽ" म्हणत होती.

"नुसता हात ठिऊ नगंस," दगडाबाई धापा टाकत म्हणाली. "जोर लाव."

"तूच लाव, सुकडे!"

पायरीशी गाड्या थांबल्या. भागवत नाड्यासकट पायरीवर पालथा पडला आणि तिथंच कपाळ टेकून राहिला. अंगद ढसाढसा रडत त्याच्या गाठी सोडत होता. कल्याणबुवांनी नारळ फोडला आणि घसा फाडून ओरडले, "नाथानं वढून घेतल्या! मान आसारामाच्या घरचा!"

गहिनीनाथ गर्दी बाजूला सारत पुढं आला. "बुवा, मागनं हात..." एवढंच म्हणाला. पुढचं वाक्य तोंडात होतं, पण समोर त्याची आई उभी होती. नव्या साडीला वंगणाचे पट्टे, दोन्ही तळहात काळेकुट्ट, घाम पुसताना कपाळही काळं झालेलं. ती त्याच्याकडं असं बघत होती की त्यानं वाक्य गिळलं आणि खाली वाकून आपल्या पांढऱ्या पायजम्यावरची धूळ झटकायला लागला.

भागवत उठला. छातीवरची कातडी नाड्यानं सोललेली, गुडघ्यातून रक्त. रेश्मानं त्याला धरलं, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर तोल घेतला. मग तो वळला. आता वळायला हरकत नव्हती. तो गर्दीतून गाड्यांच्या कडेकडेनं मागं मागं चालत आला, पार बाराव्या गाडीपाशी, जिथं बाया चपला शोधत, पदर सारखे करत, एकमेकींचे हात बघून हसत होत्या. तो आला तसे सगळ्यांचे हात पदराआड गेले.

ओढणाऱ्याच्या अंगाला नाडा बांधलेला असतो. तो कधी ताठ होतो, कधी सैल पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

भागवतनं कुणाला काही विचारलं नाही. वाकला, आईच्या पायाला डोकं लावलं. मग उठून गोजरबाईच्या पायाला. ती "आरं, आरं" म्हणेपर्यंत तो लंकाबाईपुढं वाकला होता. तिचं वय काय, नातं काय, बघितलं नाही. मग पुढची बाई, मग तिच्या पुढची. कोयता टोळीतल्या पोरी होत्या, नव्या सुना होत्या, लाजून मागं सरकत होत्या. तो गुडघ्यातून रक्त गाळत एकेकीपुढं वाकत चालला होता, आणि मागं हलगीवाल्यासकट अख्खं गाव बघत होतं.

आसाराम हे कधी शिकला नव्हता. पण तो विचार दगडाबाईनं तिथंच सोडला. डोळे पुसले, तर गालावर वंगणाचा पट्टा उमटला.

"बास की आता, मेजर!" ती ओरडली. "कितींदा वाकशील? उद्या कंबर धरंल, मंग ती चेपाय कोन बसंल?"

"मी हाय की," गोजरबाई म्हणाली, "तुझी चेपून झाली, की त्याची."